तुरुंगातले पाच दिवस आणि ‘श्यामची आई’ : साने गुरुजी चांगल्या साधनांसाठी थांबले नाहीत

अमळनेर : आज २४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती. जिल्ह्यातल्या शाळाशाळांत आज गुरुजींच्या फोटोला हार घातला जाईल, मुलं भाषणं करतील, गुरुजींची प्रार्थना म्हटली जाईल. गुरुजी मूळचे कोकणातले, पण त्यांना ‘गुरुजी’ केलं ते आपल्या खानदेशानं, अमळनेरनं. मातृभक्त, स्वातंत्र्यसैनिक, मुलांचे लाडके शिक्षक असं त्यांच्याबद्दल दरवर्षी सांगितलं जातं आणि ते सगळं खरंच आहे. एक गोष्ट मात्र भाषणात फारशी येत नाही. लिहिणारा माणूस म्हणून गुरुजी कसे होते? कुणासाठी लिहीत होते, कुठं बसून लिहीत होते, आणि कशाकशाची वाट न बघता लिहीत होते?

आज हे सांगायला कारण आहे. आपल्या गावागावांत लिहिणारी पोरं-पोरी आहेत. कुणाला कविता सुचते, कुणाला अहिराणीत गोष्टी लिहायच्या आहेत, कुणाला आजोबांच्या आठवणी उतरवून ठेवायच्या आहेत. पण कुठवर आलं म्हणून विचारा. उत्तर येतं की चांगला मराठी कीबोर्ड शोधतोय, लॅपटॉप घेतला की सुरू करणार, एक ॲप टाकलं होतं ते जमलं नाही म्हणून आता दुसरं टाकलंय. सहा महिने जातात, वर्ष जातं. ॲप चार झाले, पान एकही नाही. अशा सगळ्यांनी गुरुजींचं आयुष्य या बाजूनं एकदा बघावं.

पालगडचा पांडुरंग

गुरुजींचं पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात पालगड या गावी. घराणं खोताचं. खोत म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा वजनदार माणूस. पण वडील सदाशिवराव यांच्या काळात घराण्याचं नावच तेवढं मोठं उरलं होतं. कर्ज वाढत गेलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी जप्तीची वेळ आली. आई यशोदाबाईंनी हे सगळं सोसलं आणि त्यातच मुलांना वाढवलं.

पांडुरंग दापोलीच्या शाळेत शिकला. पुढं घरून पैसा पुरेना, तेव्हा तो औंध संस्थानात गेला. तिथं गरीब विद्यार्थ्याला थोडक्यात शिकता येईल अशी आशा होती. हातानं करून खायचं, कधी अर्धपोटी राहायचं आणि शाळेत जायचं. तिथं प्लेगची साथ आली आणि मुक्काम हलवावा लागला. मग पुण्यातलं नूतन मराठी विद्यालय. असा वणवण करत मुलगा शिकत होता.

तो असा शिकायला बाहेर असतानाच, नोव्हेंबर १९१७ मध्ये, आई गेली. शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. ही सल गुरुजींच्या मनातून पुढं कधीच गेली नाही. पुढच्या साऱ्या लिखाणाचं मूळ तिथं आहे, म्हणून हे साल लक्षात ठेवा.

१९१८ साली पांडुरंग मॅट्रिक झाला. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयात, त्यानं बी. ए. केलं. पुढं तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तो अमळनेरला आला. प्रताप शेठजींच्या आधारानं इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं आणि त्या वेळी देशभरातून अभ्यासक इथं येत. एम. ए. झालेला हा तरुण मोठ्या शहरात जाऊन प्राध्यापकी करू शकला असता. तो जून १९२४ मध्ये अमळनेरच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागला. तीच शाळा पुढं प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली.

वसतिगृहाचा हातानं लिहिलेला पेपर

शाळेबरोबर गुरुजींकडं वसतिगृहाची जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घरची आठवण काढून रडणारी, अंथरूण तसंच टाकून शाळेत पळणारी ती मुलं. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, पसारा आवरत, मुलांचे कपडेसुद्धा धुऊन टाकत. ओरडणं नाही, शिक्षा नाही. मुलांना आपोआप लाज वाटे आणि ती स्वतः आवरू लागत. हे किस्से आपल्याकडं अजून सांगितले जातात.

मुलांसाठी त्यांनी आणखी एक काम सुरू केलं. ‘छात्रालय’ नावाचं दैनिक. दैनिक म्हटल्यावर छापखाना, बातमीदार, कागदाची रिळं डोळ्यांसमोर येतात. इथं त्यातलं काहीच नव्हतं. गुरुजी ते स्वतःच्या हातानं लिहीत. शाळेतल्या गोष्टी, देशातल्या घडामोडी, थोरांच्या कथा असं त्यात असे. वाचणारे कोण, तर वसतिगृहातली मुलं.

जरा विचार करा. दिवसभर शाळेत शिकवायचं, मुलांचं खाणं-पिणं, आजारपण बघायचं, आणि त्यातून वेळ काढून रोज नवा मजकूर लिहायचा. मासिक असतं तर महिनाभर टाळता आलं असतं. दैनिकात पळवाट नसते. आज लिहिलेलं उद्या शिळं. आणि वाचक असा की आवडलं नाही तर तोंडावरच कळतं. कंटाळलेलं पोर मान फिरवतं, रमलेलं पोर पान खाली ठेवत नाही.

लिहिण्याची याहून चांगली शाळा कुठली? अवघड शब्द टाकून भागत नव्हतं, कारण समोरचं पोर बारा-चौदा वर्षांचं. लांबण लावून भागत नव्हतं, कारण जागा कागदाच्या पानाएवढी. गुरुजींची जी भाषा आपण ओळखतो, छोटी वाक्यं, रोजचे शब्द, समोर बसून बोलल्यासारखा सूर, ती या वसतिगृहात घडली. तशी भाषा कुठल्या दुकानात मिळत नव्हती आणि आजही कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही.

१९२८ मध्ये गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक काढलं. इथं एक क्रम दिसतो बघा. आधी हातानं लिहिलेलं दैनिक, मग मासिक. आधी एका वसतिगृहाचे वाचक, मग बाहेरचे. मजकूर आणि वाचक तयार झाल्यावर साधन मोठं झालं. आपल्याकडं बहुतेकदा उलटं होतं. साधन आधी येतं, आणि मग त्यात टाकायचं काय याचा शोध सुरू होतो.

तुरुंगाच्या आत

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी सहा वर्षांची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. खानदेशात गावोगाव भाषणं केली. सरकारनं पकडलं, पंधरा महिन्यांची सजा झाली. आधी धुळ्याचा तुरुंग आणि मग थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीचा.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे अनेक सत्याग्रही होते. तमिळ बोलणारे, तेलुगू बोलणारे, मल्याळी, कन्नड. एकाच देशासाठी तुरुंगात आलेली माणसं, पण एकमेकांची भाषा येईना. गुरुजींना याचं वाईट वाटलं आणि ते शिकायला बसले. शिकवायला मास्तर नव्हता, शेजारचा कैदी होता. तिरुवल्लुवर या जुन्या तमिळ संतकवीचा ‘कुरळ’ हा ग्रंथ त्यांनी पुढं मराठीत आणला, त्याची सुरुवात या ओळखीतून झाली. भारतातल्या सगळ्या भाषांनी एकमेकींच्या घरी जावं-यावं, ही त्यांची आंतरभारतीची कल्पनाही या तुरुंगातल्या अनुभवावर उभी आहे.

मार्च १९३१ मध्ये सुटका झाली. १९३२ साली चळवळ पुन्हा पेटली आणि गुरुजी पुन्हा आत गेले. या वेळी धुळ्याच्या तुरुंगात त्यांच्यासोबत विनोबा भावे होते. विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर बोलावं असं ठरलं. दर रविवारी एक अध्याय. २१ फेब्रुवारी १९३२ ला सुरुवात झाली आणि १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला.

विनोबा बोलत आणि गुरुजी लिहून घेत. आज आपण मोबाइलचं लाल बटण दाबलं की तास-दोन तासांचं भाषण जसंच्या तसं रेकॉर्ड होतं. तिथं फक्त कान, हात आणि कागद. बोलणारा माणूस थांबत नाही, ऐकायचं, समजून घ्यायचं आणि त्याच वेळी उतरवायचं. अठरा रविवार हे चाललं. त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं. पुढं देशातल्या कितीतरी भाषांत ते गेलं आणि आजही घराघरांत वाचलं जातं.

इथं गुरुजींचं स्वतःचं असं काही लिखाण नव्हतं, शब्द दुसऱ्याचे होते. पण ज्यानं अठरा आठवडे दुसऱ्याचं बोलणं इतक्या निष्ठेनं उतरवलं, त्याला बोलण्याची लय कागदावर कशी आणायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. बोललेलं कागदावर कोमेजू द्यायचं नाही, ही कला त्यांच्या हातात पक्की बसली.

नाशिक, फेब्रुवारी १९३३

त्यानंतर गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारची रात्र. त्या रात्री त्यांनी आईबद्दल लिहायला घेतलं. १३ तारखेच्या, सोमवारच्या पहाटे लिहिणं थांबलं. दिवसा तुरुंगातलं काम असे, म्हणून लिहायचं ते रात्री नि पहाटे. त्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. थोडा भाग त्यांनी बाहेर आल्यावर पुरा केला.

आपल्याकडं हे पुस्तक वाचलं नाही असं घर सापडणं कठीण. श्याम नावाचा माणूस रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी मांडणी आहे. म्हणून पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. पोहायला घाबरणारा मुलगा, पायाला घाण लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा, चोरी करणारा मुलगा, आणि त्याला मारून, समजावून, कधी स्वतः उपाशी राहून माणूस करणारी आई. कोकणातल्या एका खेड्यातली, कर्जानं गांजलेली, कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात जिचं नाव आलं नसतं अशी बाई.

पाच दिवस हा आकडा ऐकला की चमत्कार वाटतो. देवानं हात धरून लिहून घेतलं असंही काही जण म्हणतात. पण हिशोब मांडून बघा. आई गेली १९१७ ला, लिहिलं १९३३ ला. पंधरा वर्षं ती आठवण मनात होती. त्याच काळात सहा वर्षं मुलांसाठी अखंड लिहिणं आणि गोष्टी सांगणं झालं. अठरा रविवार बोलणं कागदावर उतरवणं झालं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कापणीला चार दिवस लागतात म्हणून पीक चार दिवसांत येत नाही. नांगरणी, पेरणी, निंदणी, सगळं आधी झालेलं असतं. नाशिकचे पाच दिवस ही कापणी होती.

आणि जागा कोणती, तर तुरुंग. लिहायला बसण्याची शांत खोली नाही, हाताशी ग्रंथालय नाही, आपल्या वेळेवर आपला हक्क नाही. थांबायचंच असतं तर सबब अगदी खरी होती. सुटका झाल्यावर निवांत लिहीन, असं म्हटलं असतं तर कुणीही दोष दिला नसता. पण बाहेर आल्यावर गुरुजींच्या आयुष्यात निवांत असा काळ कधी आलाच नाही. सभा, मोर्चे, पुन्हा तुरुंग, उपोषणं. त्या फेब्रुवारीत लिहिलं नसतं तर ते पुस्तक कदाचित राहूनच गेलं असतं.

वाचक समोर ठेवून लिहिणारा माणूस

पुढची सतरा वर्षं गुरुजी लिहीतच राहिले. गोष्टी, कादंबऱ्या, चरित्रं, कविता, निबंध, भाषांतरं मिळून सत्तरहून जास्त पुस्तकं. ‘भारतीय संस्कृती’सारखं विचारांचं पुस्तक लिहिलं, तसंच व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची जगप्रसिद्ध कादंबरी ‘दुःखी’ या नावानं मराठीत आणली. बरंचसं लिखाण तुरुंगात किंवा दौऱ्यांच्या धावपळीत झालं.

१९३६ च्या डिसेंबरात आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव फिरले. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीनं पिकं बुडाली, तेव्हा शेतकऱ्यांना सारा माफ व्हावा म्हणून त्यांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले. त्याच वर्षी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. शेतकऱ्याचं आणि गिरणी कामगाराचं म्हणणं मांडायला पेपर हवा होता, म्हणून पेपर काढला. काम आधी होतं, त्याच्या मागोमाग साधन आलं.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात तेव्हा दलितांना प्रवेश नव्हता. त्यासाठी गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरले आणि मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले. अखेर मंदिराची दारं सगळ्यांना उघडली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ दिवसांत, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ते आजही चालू आहे.

‘साधना’च्या त्या काळात गुरुजी पुतणीला, सुधाला, पत्रं लिहीत. फुलं, पाऊस, पक्षी, प्रवासात भेटलेली माणसं, देशातल्या घडामोडी, सगळं त्यात येई. ती पत्रं पुढं ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकात आली. हजारो लोकांनी वाचली, पण लिहिली होती एका मुलीला. गुरुजींच्या लिखाणाची किल्ली इथं आहे असं म्हणायला हरकत नाही. वसतिगृहातली मुलं असोत, श्यामचे सोबती असोत की सुधा असो, त्यांच्यासमोर कुणीतरी ठरलेलं माणूस बसलेलं असे. कुणाला सांगायचंय हे पक्कं असलं की कशानं लिहू हा प्रश्न आपोआप लहान होतो. आणि कुणाला सांगायचंय हेच ठरलेलं नसलं, की माणूस साधनं बदलत बसतो.

नाकं मुरडणारेही होते

गुरुजींच्या लिखाणाला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असं मात्र नाही. फार भावुक आहे, डोळ्यांत सारखं पाणीच आणतात, कलेच्या मापानं कमी पडतं, अशी टीका तेव्हाही झाली आणि नंतरही झाली. त्या टीकेत तथ्य अजिबात नाही असंही नाही. गुरुजींची काही पुस्तकं आज मागं पडली आहेत. घाईत लिहिलेलं घाईचं वाटतं, हेही खरं.

पण टीकेला घाबरून त्यांनी लेखणी झिजवत बसणं पत्करलं नाही. सत्तरहून जास्त पुस्तकांतली काही विसरली गेली आणि एक ‘श्यामची आई’ पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ती टिकणार आहे हे लिहिताना कुणाला ठाऊक होतं? पुढं १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाल्यावर तो मान मिळवणारा हा पहिलाच चित्रपट. तो बघायला गुरुजी नव्हते.

स्वातंत्र्य आलं, पण मनातला समाज येईना, गांधीजी गेले, या सगळ्यानं गुरुजी आतून खचत गेले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय अवघं पन्नास. लाखो मुलांना धीर देणाऱ्या माणसाला शेवटी धीर देणारं कुणी जवळ असायला हवं होतं, असं वाटून आजही मन कळवळतं. लिहिण्यानं मन हलकं होतं, पण सगळी दुःखं लिहून सुटत नाहीत. मन फार खचलं असेल तर एकट्यानं सोसू नका, घरच्यांशी, मित्राशी, डॉक्टरांशी बोला, हेही या निमित्तानं सांगायला हवं.

मग आपण काय करायचं?

कुणी म्हणेल, म्हणजे मोबाइल टाकून द्यायचा का? अजिबात नाही. साधनाला गुरुजींचा विरोध नव्हता. छापखान्याची गरज पडली तेव्हा त्यांनी मासिक काढलं, साप्ताहिकं काढली. तुमच्या खिशातला फोन तर त्यांच्याकडं होतं त्याहून कितीतरी मोठं साधन आहे. त्यात मराठी टाइप होतं, बोललेलं आपोआप लिहून मिळतं, आवाज साठवता येतो. पाच हजारांचा असो की पंचवीस हजारांचा, एक पान लिहायला दोन्ही सारखेच. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आधी सांगायचं काय आणि कुणाला, मग कशानं.

तेव्हा ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी गुरुजींच्या आयुष्यातून निघणाऱ्या चार साध्या गोष्टी.

पहिली, एक वाचक ठरवा. बहीण, मित्र, मुलगा, वर्गातली पोरं, कुणीही. त्याला समजेल, आवडेल असं लिहा.

दुसरी, थोडं पण रोज लिहा. अर्धं पान चालेल. खाडा करू नका. मुलांसाठी हातानं दैनिक लिहिणाऱ्या माणसाकडंही वेळ काही जास्त नव्हता.

तिसरी, जे हाताशी आहे त्यावरच निदान वर्षभर लिहा. वही तर वही, फोनमधली साधी नोंदवही तर ती. वर्षभर नवीन ॲप शोधायचं नाही. वर्षानंतर काही अडलंच, तर काय अडतंय हे तुम्हाला नेमकं कळलेलं असेल आणि त्यावर उपायही लगेच सापडेल.

चौथी, आपल्या बोलीला लाजू नका. अहिराणी असो, तावडी असो, लेवा गणबोली असो, आजी जशी बोलते तसंच लिहा. सुधारणा नंतर करता येते. न लिहिलेलं मात्र सुधारता येत नाही.

आणि उशीर करू नका. यशोदाबाई जाऊन आज शंभराहून जास्त वर्षं झाली, पण त्या कशा बोलत, कशावर रागावत, मुलाला कसं समजावत हे महाराष्ट्राला माहीत आहे, कारण त्यांच्या मुलानं ते लिहून ठेवलं. तुमच्या घरातही अशी एखादी आजी असेल. दुष्काळ बघितलेली, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली, माहेर-सासरच्या शंभर गोष्टी सांगणारी. ती काही लॅपटॉप येईपर्यंत थांबणार नाही. आज जयंतीचा कार्यक्रम आटोपला की तिच्याजवळ जाऊन बसा, एक गोष्ट विचारा आणि रात्री झोपण्याआधी ती लिहून काढा. वर आजची तारीख टाकायला विसरू नका.